ग्राफिक्स ड्रायव्हर वारंवार कोसळत असेल तर : घरी जोडलेल्या गेमिंग संगणकाची क्रमवार तपासणी

गेम चालू असताना पडदा क्षणभर थिजतो, काळा होतो, आणि पुन्हा उजळतो तेव्हा गेम बंद पडून डेस्कटॉप समोर आलेला असतो. सोबत बहुधा एक सूचना येते : डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते व तो आता पूर्ववत झाला आहे. ही सूचना वाचणारे बहुतेक जण ड्रायव्हर, म्हणजे विंडोज व ग्राफिक्स कार्ड यांच्यातला दुवा असणारा प्रोग्रॅम, बिघडला असे मानून तो काढतात आणि पुन्हा टाकतात, दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. या चक्रातून बाहेर पडायचे असेल तर त्या सूचनेचा नेमका अर्थ आधी समजून घ्यावा लागतो.

विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी, म्हणजे टीडीआर, नावाची एक पहारेदार यंत्रणा आहे. ग्राफिक्स कार्डाला दिलेले काम ठरलेल्या मुदतीत, म्हणजे एरवी २ सेकंदांत, पुरे झाले नाही आणि ते मध्येच थांबवताही आले नाही, तर कार्ड अडकले आहे असे विंडोज मानते, कार्ड नव्याने सुरू करते आणि ड्रायव्हरला पुन्हा उभे करते. एका मिनिटात असे पाचपेक्षा जास्त वेळा घडले तर सावरण्याचा नाद सोडून विंडोज थेट निळा पडदा दाखवते. म्हणजे सूचनेत नाव ड्रायव्हरचे असले तरी सांगितलेले असते ते इतकेच, की कार्डाकडून वेळेत उत्तर आले नाही. ते का आले नाही याची कारणे ड्रायव्हर, गेम, रॅम, पॉवर सप्लाय, स्लॉट, उष्णता, प्रोसेसर किंवा खुद्द कार्ड यांपैकी कुठेही असू शकतात, आणि घरी जोडलेल्या संगणकात हे सगळे भाग आपणच निवडून एकत्र आणलेले असल्यामुळे त्यांची एकत्रित चाचणी कोणत्याही कारखान्यात झालेली नसते.

म्हणून या लेखातील क्रम एका साध्या तत्त्वावर बेतलेला आहे : आधी पुरावा गोळा करावा, मग फुकट व परत फिरवता येण्याजोगे बदल करावेत, आणि सुटे भाग बदलण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी. प्रत्येक वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह लिहून ठेवावा. एकाच संध्याकाळी ड्रायव्हर, बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) आणि केबल असे तिन्ही बदलले आणि त्रास थांबला, तर तो कशाने थांबला हे कधीच कळत नाही. मग तो परतला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

नोंदी वाचणे

स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' असे शोधले की विंडोजचा रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. त्यात दिवसवार लाल फुल्या दिसतात आणि प्रत्येक फुलीमागचा तपशील वाचता येतो. हार्डवेअर एरर या मथळ्याखाली लाइव्ह कर्नल इव्हेंट १४१ किंवा ११७ असेल, तर ती ग्राफिक्स कार्ड अडकल्याचीच नोंद आहे. त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टिम हा विभाग पाहावा. तेथे 'डिस्प्ले' या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हर कोसळून सावरला. एनव्हिडियाच्या कार्डांच्या बाबतीत त्यात एनव्हीएलडीडीएमकेएम (nvlddmkm) हे अक्षरजंजाळ दिसते. ते ड्रायव्हरच्या फाइलचे नाव आहे, व्हायरसचे नव्हे.

याहून महत्त्वाच्या नोंदी मात्र आजूबाजूला असतात. व्हिया-लॉगर (WHEA-Logger) या स्रोताच्या १७, १८ किंवा १९ क्रमांकाच्या नोंदी हार्डवेअरने स्वतः नोंदवलेल्या चुका असतात. १७ क्रमांकाच्या नोंदी शेकड्याने साचल्या असतील आणि त्यांत पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे कार्ड व मदरबोर्ड यांच्यातील जोडणीचा, उल्लेख असेल, तर संशय स्लॉट, रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून दूर लावण्यासाठीची जोडकेबल) किंवा कार्डाच्या बसण्यावर घ्यावा. १८ व १९ बहुधा प्रोसेसरकडे बोट दाखवतात. कर्नल-पॉवर ४१ या नोंदीचा मात्र फार अर्थ लावू नये. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढेच ती सांगते. तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या पडद्याचा क्रमांक, शून्य असेल तर निळा पडदा नोंदवण्याइतकाही वेळ विंडोजला मिळाला नाही असे समजावे, आणि तेव्हा वीजपुरवठ्याचा संशय बळावतो.

नोंदींइतकीच लक्षणेही बोलकी असतात. एकाच गेममध्ये आणि बाकी कुठेही त्रास नसेल तर प्रथम त्या गेमचे अपडेट, त्याच्या फाइलींची पडताळणी आणि ड्रायव्हरची आवृत्ती पाहावी. पेचकस हाती घेण्याची घाई करू नये. सर्व जड गेममध्ये कोसळते पण संगणक सावरतो, अशा वेळी वाढवलेला वेग, रॅम किंवा कार्डाची स्वतःची मेमरी यांवर संशय घ्यावा. पडदा काळा होतो, कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने घोंगावू लागतात आणि रीसेटचे बटण दाबल्याशिवाय काहीच होत नाही, हे कार्ड मदरबोर्डच्या संपर्कातून सुटल्याचे लक्षण आहे. येथे वीज, कनेक्टर, रायझर आणि कार्ड या क्रमाने पाहावे. संपूर्ण संगणकच झटक्यात बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर पॉवर सप्लाय पहिला आरोपी. आणि संगणक चालू करताच, म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वी, बायोसच्या पडद्यावरच रंगीत चौकोन किंवा रेघा दिसत असतील तर विंडोजचा ड्रायव्हर तेव्हा लोड झालेलाच नसतो. मॉनिटर व केबल बदलूनही ते चौकोन राहिले, तर दोष कार्डात आहे असे जवळजवळ निश्चित धरावे आणि पुढच्या बऱ्याच पायऱ्या वगळाव्यात.

पडदा थिजला असताना विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबली तर ग्राफिक्स ड्रायव्हर हाताने पुन्हा सुरू होतो. हा उपाय नव्हे, पण न साठवलेले काम त्यामुळे कधी कधी वाचते.

वाढवलेले सगळे वेग मूळ जागी आणणे

ही पायरी ड्रायव्हर काढण्याच्याही आधी करावी, कारण तिला दहा मिनिटे लागतात आणि बरीच प्रकरणे येथेच मिटतात. आफ्टरबर्नरसारख्या, कार्डाचा वेग व वीज बदलणाऱ्या प्रोग्रॅममधील ओव्हरक्लॉक (वाढवलेला वेग) आणि अंडरव्होल्ट (घटवलेले व्होल्टेज) दोन्ही काढून टाकावेत. अंडरव्होल्टने कार्ड थंड व शांत राहते म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, परंतु कमी व्होल्टेजवर तोच वेग मागणे हे स्थैर्याच्या दृष्टीने वेग वाढवण्यासारखेच आहे, आणि जुन्या गेममध्ये महिनोन्‌महिने टिकलेला अंडरव्होल्ट रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांची जड आकडेमोड) असलेल्या नव्या गेममध्ये पाच मिनिटांत उघडा पडतो. बायोसमध्ये प्रोसेसरचे व्होल्टेज घटवणारे कर्व्ह ऑप्टिमायझर किंवा तत्सम बदल केले असतील तर तेही रद्द करावेत.

पुष्कळांच्या नजरेतून सुटते ती गोष्ट म्हणजे रॅमचा एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारी बायोसमधील तयार सेटिंग. खोक्यावर छापलेला वेग हा रॅमचा जन्मजात वेग आहे असा समज असतो. प्रत्यक्षात तो प्रोफाइल प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरला त्याच्या अधिकृत वेगापलीकडे नेत असतो, आणि चारही स्लॉट भरलेले असतील तर हा ताण आणखी वाढतो. ग्राफिक्स ड्रायव्हर रॅमवर अखंड काम करत असल्याने रॅममधील एखादा चुकीचा बिट त्याच्याच नावावर खपतो. म्हणून प्रोफाइल बंद करून काही दिवस खेळून पाहावे, आणि त्याशिवाय मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम यूएसबीवर घेऊन रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक चालत नाही. 'हजारात एकच तर आहे' हा हिशेब रॅमला लागू पडत नाही.

बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी. ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे एन्क्रिप्शन, चालू असेल तर बायोसमधील काही बदलांनंतर किंवा सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी ड्रायव्हरांसह सुरू होते त्या अवस्थेत) जाताना तो रिकव्हरी की मागू शकतो. विंडोज ११ च्या अनेक संगणकांवर एन्क्रिप्शन वापरणाऱ्याच्या नकळत चालू झालेले असते, त्यामुळे ती की आधीच दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवावी.

कार्ड कारखान्यातूनच वाढीव वेग घेऊन आलेले असू शकते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या हेल्प मेनूत डिबग मोड आहे. तो चालू केला की कार्ड संदर्भ वेगावर उतरते. इतर कार्डांवर वेग ५० ते १०० मेगाहर्ट्झने हाताने कमी करून तोच परिणाम साधता येतो. त्याने त्रास थांबला तर कार्ड स्वतःच्याच छापील वेगावर टिकत नाही असा निष्कर्ष निघतो, आणि वॉरंटीच्या दाव्यासाठी तो पुरेसा भक्कम आहे.

ड्रायव्हर खरोखर स्वच्छ काढणे

नेहमीच्या पद्धतीने ड्रायव्हर काढल्यावर त्याच्या फाइली, सेटिंग आणि शेडर कॅशे (गेमच्या चित्रणासाठी तयार करून साठवलेले छोटे प्रोग्रॅम) बरेचसे मागे राहतात. जुने कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे बसवले असेल तर हा गाळ विशेष त्रास देतो. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे साधन वापरले जाते, पण त्याचा क्रम पाळला नाही तर फायदा निम्मा होतो. प्रथम हवा तो ड्रायव्हर कार्डावरील चिप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून ठेवावा. मग इंटरनेट तोडावे, अगदी केबलही काढावी, कारण ड्रायव्हर नाही असे दिसताच विंडोज अपडेट स्वतःच्या मर्जीची आवृत्ती बसवायला धावते. त्यानंतर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवावे, संगणक पुन्हा सुरू करावा, उतरवलेला ड्रायव्हर बसवावा आणि मगच इंटरनेट जोडावे.

आवृत्ती कोणती निवडावी? सर्वांत नवी, हे उत्तर नेहमी बरोबर नसते. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर त्याच्या आधीची, आपल्याकडे व्यवस्थित चाललेली आवृत्ती बसवावी. अगदी नवे कार्ड असेल तर मात्र नवीच आवृत्ती घ्यावी, कारण पहिल्या काही महिन्यांत दुरुस्त्या भराभर येतात. सोबतचे जादा प्रोग्रॅम तपासणीच्या काळात टाळावेत. मदरबोर्डचा चिपसेट ड्रायव्हर आणि बायोसही अद्ययावत करावेत, मात्र रॅम अस्थिर असल्याचा संशय असताना बायोस अपडेट करू नये. आधी प्रोफाइल बंद करावा.

स्वच्छ ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्या वापरूनही त्रास कायम असेल तर ड्रायव्हरचा नाद सोडावा. येथून पुढे तिसरी, चौथी, पाचवी आवृत्ती बसवत राहणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वीजपुरवठा

घरी जोडलेल्या संगणकांत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग हाच. पॉवर सप्लायवर छापलेले वॅट आणि कार्डाचे छापील वॅट यांची बेरीज-वजाबाकी करून लोक समाधान मानतात, परंतु आधुनिक कार्डे काही मिलिसेकंदांसाठी छापील आकड्याच्या कितीतरी पुढे उसळी घेतात. सरासरी ३२० वॅट घेणारे कार्ड क्षणभर त्याहून खूप अधिक मागते, आणि जुन्या रचनेचा पॉवर सप्लाय त्या क्षणी एकतर संरक्षण म्हणून बंद पडतो किंवा त्याचे व्होल्टेज इतके ढळते की कार्ड अडखळते. याच कारणाने २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या मानकात, पॉवर सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुपटीपर्यंतची उसळी १०० मायक्रोसेकंद झेलली पाहिजे, अशी अट घातली गेली.

तपासणीची सुरुवात केबलपासून करावी. आठ पिनांचा पीसीआय एक्सप्रेस कनेक्टर १५० वॅटसाठी, सहा पिनांचा ७५ वॅटसाठी आणि खुद्द स्लॉट ७५ वॅटसाठी ठरवलेला आहे. एकाच केबलला दोन तोंडे असतात आणि सोय म्हणून तीच दोन्ही तोंडे कार्डाला लावली जातात. जास्त वीज घेणाऱ्या कार्डाला असे न करता प्रत्येक कनेक्टरसाठी पॉवर सप्लायपासून स्वतंत्र केबल आणावी. सोळा पिनांचा नवा कनेक्टर ६०० वॅटपर्यंत वीज वाहतो, त्यामुळे तो तसूभरही बाहेर राहता कामा नये. टॉर्च धरून फट दिसते का ते पाहावे आणि केबल कनेक्टरला लागूनच वाकवू नये. प्लास्टिक तपकिरी झाले असेल किंवा जळका वास येत असेल तर संगणक चालू करणे तेथेच थांबवावे.

येथे एक सक्त इशारा. सुट्या केबलींच्या मॉड्युलर पॉवर सप्लायमध्ये पॉवर सप्लायकडच्या टोकाची पिनरचना प्रमाणित नसते. एका कंपनीची, कधी कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची केबलसुद्धा, नीट बसते आणि तरीही चुकीच्या तारेत १२ व्होल्ट सोडून भाग जाळून टाकते. उसनी केबल लावून पाहण्याचा मोह येथे निर्धाराने टाळावा.

वीज दोषी आहे का हे पैसे न खर्चता तपासायची एक चांगली युक्ती आहे. आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणावी आणि गेमची फ्रेमसंख्या ६० वर बांधावी. एवढ्याने कोसळणे थांबले तर ड्रायव्हर निर्दोष आहे असे समजायला हरकत नाही. दोष वीज, उष्णता किंवा वरच्या वेगावर न टिकणारे कार्ड या तिघांत उरतो. पुढे फ्रेमसंख्येवरील बंधन काढावे, त्यानंतर पॉवर लिमिट १०-१० टक्क्यांनी वाढवत न्यावी, आणि त्रास कोणत्या टप्प्यावर परततो ते लिहून ठेवावे. खात्रीचा निकाल मात्र दुसरा, पुरेशा क्षमतेचा पॉवर सप्लाय त्याच्याच केबलींसह लावून पाहिल्यावरच मिळतो. मॉनिटरिंग प्रोग्रॅममध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण क्षणिक उसळी पकडण्याइतक्या वेगाने तो मोजलाच जात नाही.

स्लॉट, रायझर आणि उष्णता

संगणक बंद करून, पॉवर सप्लायची मुख्य कळ बंद करून आणि सुरू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेली वीज निघून गेल्यावर कार्ड काढावे, संपर्कपट्टीवरची धूळ झटकावी आणि खटका लागेपर्यंत पुन्हा बसवावे. तीन पंख्यांची जड कार्डे कालांतराने एका बाजूने झुकतात, तेव्हा खालून आधार द्यावा. कार्ड उभे लावण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती काढून कार्ड थेट मदरबोर्डवर बसवून पाहावे. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या कार्डाला तिसऱ्या पिढीची रायझर जोडली आणि बायोसमध्ये वेग 'ऑटो' राहिला, तर दोन्ही बाजू केबलला न पेलणारा वेग ठरवतात आणि जोडणी अधूनमधून तुटते. अशा वेळी बायोसमध्ये स्लॉट तिसऱ्या पिढीवर बांधावा. गेममध्ये त्याने पडणारा फरक सहसा किरकोळ असतो, आणि व्हियाच्या १७ क्रमांकाच्या नोंदी त्यानंतर थांबल्या तर कारण सापडलेच.

उष्णतेने कार्ड सहसा मंद होते, कोसळत नाही. तरीही एचडब्ल्यूइन्फो हा तापमान व वेग दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवून त्याची नोंद फाइलमध्ये साठवावी आणि कोसळण्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाचे आकडे पाहावेत. सरासरी तापमान ७० अंश सेल्सिअस दिसत असताना हॉट स्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला बिंदू) किंवा मेमरीचे तापमान ११० अंशांच्या आसपास असू शकते. तसे असेल तर थर्मल पेस्ट, पॅड किंवा केसमधील हवेचा प्रवाह यांकडे वळावे.

आरोपी प्रोसेसर असतो तेव्हा

काही वेळा ग्राफिक्सची वाटणारी चूक प्रोसेसरची निघते. याचे सर्वांत ठळक उदाहरण इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या डेस्कटॉप कोअर प्रोसेसरांचे आहे. अनरिअल इंजिनवरचे गेम सुरू होताना, शेडर तयार होण्याच्या टप्प्यावर, 'व्हिडिओ मेमरी अपुरी आहे' असा संदेश देऊन बंद पडत, मग कार्डावर कितीही मेमरी असो. लोकांनी कार्डे बदलली. दोष मात्र वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजने झिजलेल्या प्रोसेसरमध्ये होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि त्यानंतर ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिले व संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतात आणि पुढची झीज रोखण्यासाठी आहेत. आधीच झिजलेला प्रोसेसर त्यांनी बरा होत नाही. असा प्रोसेसर असेल तर त्याच्या मोठ्या कोअरचा कमाल वेग २०० ते ३०० मेगाहर्ट्झने उतरवून तोच गेम सुरू करावा. कोसळणे थांबले तर कार्डाला हात लावण्याचे कारण उरत नाही.

काही प्रसिद्ध उपाय आणि त्यांची लायकी

विंडोजच्या सेटिंगचा साठा असलेल्या रजिस्ट्रीत टीडीआर डिले ही नोंद वाढवून २ सेकंदांची मुदत ८ किंवा १० करावी, हा सल्ला सर्वत्र सापडतो. मायक्रोसॉफ्टने ती नोंद चाचणीसाठी ठेवली आहे. थ्रीडी रेंडरिंगसारखे एकच लांब काम कार्डाला देणाऱ्या प्रोग्रॅमसाठी तिचा उपयोग होतो, परंतु गेममध्ये कार्ड दोन सेकंद अडकले असेल तर ते दहा सेकंदही अडकूनच राहते. फक्त थिजलेला पडदा जास्त वेळ पाहावा लागतो. हार्डवेअर ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग (कामांचा क्रम कार्डाकडे सोपवणारी विंडोजची सेटिंग) बंद करणे, गेमवर उमटणारे ओव्हरले व रेकॉर्डिंगचे प्रोग्रॅम बंद करणे आणि पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसची लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करणे हे निरुपद्रवी प्रयोग आहेत, आणि डेस्कटॉपवर किंवा व्हिडिओ पाहताना होणारे कोसळणे त्यांनी कधी कधी थांबते. तशाच त्रासात ब्राउझरचे हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहावे, आणि मॉनिटरची केबलही बदलून पाहावी.

त्रास संपला असे केव्हा म्हणावे

कोणत्याही बदलानंतर एक तास व्यवस्थित गेला म्हणून निष्कर्ष काढू नये. सरासरी दर दोन तासांनी कोसळणारा संगणक काहीही न बदलता सहा तास टिकण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते, हे यादृच्छिक घटनांचे साधे गणित आहे. म्हणून पूर्वीच्या सरासरी अंतराच्या किमान तिप्पट काळ, त्याच गेममध्ये आणि त्याच सेटिंगवर, निर्धोक गेला तरच तो बदल लागू पडला असे धरावे.

इथवर येऊनही त्रास उरला असेल तर संशयित कार्डच आहे. ओसीसीटी या प्रोग्रॅममधील व्हीरॅमची (कार्डाच्या मेमरीची) चाचणी किंवा मेमटेस्ट व्हल्कन हा प्रोग्रॅम कार्डाच्या मेमरीतील चुका थेट दाखवतात. मूळ वेगावर तेथे चूक आली तर आणखी पुराव्याची गरज नसते. शक्य असेल तर कार्ड दुसऱ्या, निरोगी संगणकात लावून पाहावे आणि आपल्या संगणकात दुसरे कार्ड. दोष कार्डासोबत फिरतो की संगणकात राहतो, हे या अदलाबदलीत जेवढे स्पष्ट होते तेवढे कोणत्याही प्रोग्रॅमने होत नाही.

कार्ड वॉरंटीत पाठवताना 'गेम बंद पडतो' एवढेच लिहिले तर सेवा केंद्रात ते अर्धा तास चालवून निर्दोष म्हणून परत येण्याची शक्यता मोठी असते. त्याऐवजी कोणत्या गेममध्ये, कोणत्या सेटिंगवर, किती वेळाने कोसळते, इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंद कोणती, मेमरी चाचणीत चूक आली का आणि दुसऱ्या संगणकात तेच घडले का, हे एका पानावर लिहून सोबत द्यावे. कार्डावर दोन बायोसमधली निवड करणारी छोटी कळ असेल तर ती मूळ स्थितीत ठेवावी, आणि कार्ड पॅक करण्यापूर्वी अनुक्रमांकाचे व कनेक्टरच्या पिनांचे स्पष्ट छायाचित्र घेऊन ठेवावे.